बोनारने वर्षानुवर्षं रंगवलेली मार्त: चित्रांतून दिसणारा एक संसार

माजघर

गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलीकडे पिट्सबर्गला सहा महिने होतो. नातू शाळेत आणि मुलगी-जावई कामावर गेले की दिवस खायला उठायचा. मुलीने कार्नेगी संग्रहालयाचं सभासदत्व काढून दिलं, म्हणाली, आई, जेव्हा वाटेल तेव्हा जा. तिथे एका चित्रासमोर मी अडकले ती अडकलेच. भारतात परतून सात महिने झाले तरी ते डोळ्यांसमोरून हलत नाही, म्हणून हा धागा.

चित्र पिएर बोनार या फ्रेंच चित्रकाराचं. साधारण चार फूट उंच, पाच फूट रुंद. टबात एक बाई पहुडली आहे आणि खाली चटईवर छोटा कुत्रा बसला आहे. बस, एवढंच. पण भिंतीच्या टाइल्स पिवळ्या, जांभळ्या, निळ्या अशा पेटल्यासारख्या दिसतात, आणि बाईचा देह त्याच रंगांत इतका भिजलाय की पाणी कुठे संपतं आणि ती कुठे सुरू होते ते कळत नाही. बाजूच्या पाटीवर वर्षं होती १९४१ ते १९४६. बाई म्हणजे त्याची बायको मार्त. ती जानेवारी १९४२ मध्ये गेली. म्हणजे चित्र सुरू केलं तेव्हा ती घरात होती, आणि ती गेल्यावर पुढची चार वर्षं तो तिला त्याच टबात रंगवत राहिला.

घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. दोघं भेटले १८९३ मध्ये, पॅरिसमध्ये. ती कृत्रिम फुलांच्या दुकानात कामाला होती. त्याला तिने नाव सांगितलं मार्त द मेलिन्यी आणि वय सांगितलं सोळा. खरं नाव मारिया बूर्सें, आणि वय चोवीस. लग्न केलं थेट १९२५ मध्ये, बत्तीस वर्षं एकत्र राहिल्यावर. तिचं खरं नाव त्याला लग्नाच्या कागदांवरून कळलं असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. पुढच्या वर्षी त्याने फ्रान्सच्या दक्षिणेला ल कान्ने इथे टेकडीवर एक लहान घर घेतलं आणि त्यात गरम पाण्याची सोय असलेलं न्हाणीघर करवून घेतलं. मार्तची तब्येत नाजूक होती. स्नान हा तिच्या औषधोपचाराचाच भाग होता, दिवसातला बराच वेळ ती पाण्यात असे.

मला ज्याबद्दल बोलायचंय ते असं. या माणसाची चित्रं वर्षांच्या क्रमाने लावून बघा.

१९०० मधलं ‘पुरुष आणि स्त्री’, हे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. खोलीत दोघंही विवस्त्र. मार्त पलंगावर उजेडात बसलेली, पुढ्यात मांजराची पिल्लं. तो उजवीकडे उभा, अंधारात. दोघांच्या बरोब्बर मधे घडीचा पडदा, चित्र उभं चिरणारा. भांडण झालंय असं मुळीच वाटत नाही. ती पिल्लांत रमलीय, तो आपल्या विचारात. तेव्हा एकत्र राहायला लागून सात वर्षं झालेली.

मग १९१५ चं ‘कॉफी’. लाल चौकड्यांचं टेबलक्लॉथ चित्रभर पसरलंय. मार्त कप ओठाला लावून बसलीय आणि शेजारी कुत्रा टेबलाला नाक लावून. इथे ती अजून ठळक आहे.

१९३०-३१ चं एक चित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. खिडकी, बाहेर बाग, टेबलावर न्याहारी. मार्त कुठे आहे? डाव्या कडेला, भिंतीला चिकटून, हातात कप, अर्धी चौकटीबाहेर. पहिल्यांदा छापील चित्र पाहिलं तेव्हा ती मला दिसलीच नाही.

आणि १९३२ चं पांढऱ्या खोलीचं, हे ग्रनोब्लच्या संग्रहालयात आहे. दार, शेगडी, खोली गरम ठेवणारा रेडिएटर, टेबल, खिडकीबाहेर दाटलेली झाडं. तिथेही मार्त आहे. टेबलापलीकडे मांजरापाशी वाकलेली, आणि रंग जमिनीचाच. शोधावी लागते.

मला यात एका संसाराची सगळी वाटचाल दिसते. माणूस आधी उजेडात मधोमध असतं, मग टेबलाशी येतं, मग कडेला जातं, मग जमिनीच्या रंगाचं होतं. आणि शेवटी त्या टबाच्या चित्रात सगळी खोलीच तिच्या रंगाची झालीय. चेहऱ्यावरून नातं कळत नाही, माणसाला खोलीत कुठे बसवलंय त्यावरून कळतं, असं मला वाटायला लागलंय.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. चित्रासमोरच्या बाकावर बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “टब वाकडा आहे. असा टब कोणी ओतणार नाही.” खरंच, एखाद्या शिंपल्यासारखा तो तिच्याभोवती वळलाय. मी इतक्या वेळा पाहून माझ्या लक्षात आलं नव्हतं.

तुमचं काय मत? कुणी बोनारची चित्रं प्रत्यक्ष पाहिली असतील तर जरूर लिहा.

पाऊलवाट

फार सुंदर लिहिलंय माजघरताई. बोनार हे नाव फक्त ऐकून होतो. आता एकेक चित्र शोधून बघतोय. ग्रनोब्लच्या चित्रात मार्त सापडायला मला दीड मिनिट लागलं.

रेवदंडा

२०१९ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये बोनारचं मोठं प्रदर्शन झालं होतं, जानेवारी ते मे. मी तीनदा गेले. एका दालनात काही चित्रं मुद्दाम बिनचौकटीची लावली होती, कारण तो ताणलेल्या कॅनव्हासवर काम करतच नसे. कापड सरळ भिंतीला ठोकायचा आणि चित्र हवं तेवढं वाढवायचा किंवा आक्रसायचा. चौकट नसली की चित्राची कड किती नाजूक ठिकाणी येते ते कळतं. कुणाचा खांदा, कुणाचं कोपर तिथे जेमतेम तग धरून असतं. तुम्ही मार्त कडेला गेली म्हणता ते मला तिथे अंगावर आलं होतं.

पण मला सर्वांत जास्त हलवून गेलं ते १९२५ चं स्नानाचं चित्र, टेटच्या स्वतःच्या संग्रहातलं. वरून खाली पाहिल्यासारखं. टब आडवा, चित्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यात ती सरळ निजलेली, पाणी थंड आणि फिकट. मला तो टब नव्हे, शवपेटी वाटली. आणि वर्ष बघा, त्यांच्या लग्नाचं! नवऱ्या मुलीचं चित्र असं? मी तिथे उभी होते आणि मला माझ्या आजेसासूबाई आठवल्या. शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, आणि आजोबा रोज कोमट पाण्याने त्यांचं अंग पुसून द्यायचे. आयुष्यभर त्यांच्याशी धड चार वाक्यं न बोललेला माणूस. पाणी कितपत गरम आहे ते आधी स्वतःच्या मनगटावर बघायचा.

कोयरी

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, म्हणून त्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो. त्याशिवाय ही चित्रं अर्धीच कळतात.

बोनार समोर माणूस बसवून रंगवत नसे. खिशात छोटी डायरी असायची. त्यात पेन्सिलीने झरझर रेघा, आणि कुठे कुठला रंग त्याच्या बारीक नोंदी. त्याच डायरीत रोजचं हवामान, आज आभाळ आहे की ऊन. नंतर वरच्या मजल्यावरच्या लहानशा खोलीत जाऊन आठवणीने रंगवायचा. भिंतीवर एकाच वेळी तीन-चार चित्रं ठोकलेली. ब्रशला जो पिवळा लागलाय तो या चित्रात लावला की पुढच्यात कुठे शोभेल ते बघायचा. एकेक चित्र वर्षानुवर्षं चाले. संग्रहालयात लागलेल्या स्वतःच्याच चित्रावर, मित्राला पहारेकऱ्याशी बोलत ठेवून, त्याने गुपचूप रंग लावल्याचा किस्साही सांगतात.

यातून एक लक्षात घ्या. मार्त खालच्या न्हाणीघरात आहे, आणि हा माणूस वरच्या खोलीत ती आठवून रंगवतोय. तीही जिवंत, तोही जिवंत, एकाच छपराखाली. तरी चित्रात येते ती आठवणीतली मार्त. त्यामुळे १९४२ नंतर त्याच्या कामात वरकरणी काहीच बदलायची गरज नव्हती. तो आधीपासूनच तिला आठवत होता.

मला हे चांगलं की वाईट ते ठरवता येत नाही. पण वर्गात मुलांना सांगायचो, समोरची वस्तू पाहून काढलेलं चित्र आणि डोळे मिटून काढलेलं चित्र यांत दुसऱ्यात वस्तूंचा आकार चुकतो, तो चुकलेला आकार नीट बघा. जे जवळचं असतं ते मोठं होतं. टब वाकडा झाला तो याच कारणाने.

पाणकणीस

धागा आवडला, पण मला मूळ मुद्द्याशी वाद घालायचाय.

पहिली गोष्ट. मार्त त्याच्या चित्रांत म्हातारीच होत नाही. १९४१ ला ती बहात्तरीला आली होती. टबातली बाई तिशीची आहे. स्वतःला मात्र तो सोडत नाही. न्हाणीघराच्या आरशातली त्याची स्वतःची चित्रं बघा, डोकं तुळतुळीत, खांदे पडलेले, डोळ्यांच्या जागी खड्डे. म्हणजे बदल दाखवायची ताकद त्याच्यात होती. बायकोच्या बाबतीत त्याने ती वापरली नाही. मग याला ‘बदलत्या नात्याची चित्रं’ कसं म्हणायचं? मला तर हे नातं गोठवून ठेवणं वाटतं.

दुसरी गोष्ट तुम्ही लिहिलीच नाहीत. रने मोंशाती. तरुण, सोनेरी केसांची, त्याची मॉडेल आणि प्रेयसी. १९२१ मध्ये तो तिच्याबरोबर रोमला गेला होता. चार वर्षांनी त्याने लग्न केलं मार्तशी, आणि काही आठवड्यांत रनेने आत्महत्या केली. माजघरताई, १९२५ चं ते थंड पाण्याचं चित्र या सगळ्याच्या मधे उभं आहे. घरात असं काही घडून गेल्यावर दोन माणसं पुढची सतरा वर्षं एका टेबलावर न्याहारी करतात, तेव्हा एक जण कडेला सरकतो यात प्रेमाची वाटचाल बघायची की शिक्षेची?

आणि तिसरी. मार्त स्वतः चित्रं काढायची. १९२४ मध्ये पॅरिसच्या द्र्युए गॅलरीत तिचं प्रदर्शन झालंय, मार्त सोलांज या नावाने. तिच्या आयुष्यातलं तिसरं नाव. आपण सगळे तिच्याबद्दल त्याच्या डोळ्यांनी बोलतोय.

माजघर

पाणकणीस, तुमचा प्रतिसाद दोन दिवस डोक्यात घोळत होता. रनेबद्दल मला माहीत होतं आणि मी ते टाळलं. त्या चित्राने मला जी शांतता दिली ती बिघडू नये असं वाटलं असावं. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं.

पण मग ते बागेतलं चित्रही बघायला हवं. १९२१-२३ मध्ये त्याने बागेतल्या टेबलाशी बसलेल्या रनेचं चित्र काढलं. ती मधोमध, हनुवटीखाली हात, पाहणाऱ्याकडे बघतेय. आणि खाली उजव्या कोपऱ्यात, कडेने अर्धवट कापलेली, तिच्याकडे वळलेली मार्त. हे चित्र त्याने वीस वर्षं ठेवून दिलं. मार्त गेल्यावर, १९४५-४६ मध्ये, ते पुन्हा हाताशी घेतलं आणि रनेमागचा सगळा भाग सोनेरी-पिवळ्याने भरून टाकला. म्हणजे त्याच काळात, जेव्हा मार्त टबात उजळत होती. दोन्ही बायका गेल्या होत्या, आणि ऐंशीला टेकलेला हा माणूस एकटा बसून दोघींना तोच पिवळा लावत होता. कोयरीसरांनी लिहिलेलं ब्रशचं वाक्य वाचलं आणि मला हेच दिसलं.

शिक्षा म्हणालात. असेलही. माझ्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली. आमच्यातही एक काळ असा होता ज्याबद्दल आम्ही आजपर्यंत बोललेलो नाही. त्या दोन वर्षांत मी स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे आणि हे गॅलरीतून आत. मग केव्हातरी ते थांबलं. कुणी माफी मागितली नाही. एक दिवस ह्यांनी चहाचा दुसरा कप भरून ओट्यावर ठेवला आणि निघून गेले. प्रेम आणि शिक्षा वेगवेगळ्या डब्यांत ठेवता येत नाहीत, निदान मला कधी आल्या नाहीत.

तिच्या तरुण राहण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ह्यांना मी विचारलं, तुम्ही डोळे मिटून मला आठवता तेव्हा मी किती वर्षांची असते? म्हणाले, कळत नाही, पण केस काळे असतात. मला राग आला नाही. मीही ह्यांना चष्म्याशिवायच आठवते.

तिसरी घंटा

माजघरताईंची न्याहारीच्या चित्रातली मार्त शोधली आणि उठून घरातले जुने अल्बम काढले.

आमच्या घरी फोटो बाबा काढायचे. लग्नानंतरच्या पहिल्या अल्बममध्ये आई पानोपानी आहे. महाबळेश्वर, वेण्णा लेक, नऊवारी नेसून एकदा, बाबांचा गॉगल घालून एकदा. दुसऱ्या अल्बममध्ये आम्ही भावंडं आलो, आई आम्हाला धरून. तिसऱ्यात वाढदिवस, मुंजी, पंगती. त्यात आई शोधावी लागते. एका फोटोत आम्ही सगळे ताटावर बसलोय आणि डावीकडून फक्त एक हात आत आलाय, पोळी वाढणारा. मनगटावर हिरव्या बांगड्या, एका बांगडीला सेफ्टी पिन. त्या फोटोवरून किती वेळा नजर फिरली असेल, पण हा आईचा फोटो आहे असं कधी वाटलं नव्हतं.

बाबा आता नाहीत. हे त्यांना कसं विचारू की तुम्हाला ती तेव्हा दिसत होती का?

पाणकणीस

तिसरी घंटा, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले. पण म्हणूनच माझा आग्रह आहे. पोळी वाढणारा हात कडेला आहे तो प्रेमाने घरभर विरघळलेला नाही. तो कामात आहे, आणि त्याला कुणी ‘बस’ म्हणालेलं नाही. बोनारने निदान त्या कडेच्या बाईवर वर्षंच्या वर्षं रंग चढवला. तिला कडेला ठेवलं, पण तिच्याकडे बघणं सोडलं नाही. आपल्या घरांत कडेला गेलेल्या माणसाकडे कोण बघतं?

आई असतील तर त्यांना तो फोटो दाखवा आणि काय म्हणतात ते इथे लिहा. मला त्यांचं ऐकायचंय.

उत्तरवारा

डेन्मार्कमध्ये राहते, म्हणून इथला एक चित्रकार मधे आणते. विल्हेल्म हामर्सहॉय. बायको इडा, लग्न १८९१. इडा आणि मार्त दोघींचं जन्मसाल १८६९. १८९८ ते १९०९ ही दोघं कोपनहेगनमध्ये स्ट्रॅन्डगेड ३० इथे राहत होती, आणि त्या एकाच घराच्या खोल्या त्याने साठाहून अधिक चित्रांत रंगवल्या. करड्या भिंती, उघडी दारं, आणि त्यात काळ्या कपड्यांतली इडा, बहुतेक वेळा पाठमोरी. मानेचा मणका, अंबाडा, पुढे काय करतेय ते कळत नाही.

लग्नाआधी, १८९० मध्ये काढलेलं तिचं चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. त्यात ती समोरून आहे, हॅट घालून, सरळ. मग सतरा वर्षांनी, १९०७ मध्ये, त्याने तिला पुन्हा समोर बसवलं. ते डेन्मार्कमधल्याच ऑर्हुस शहराच्या कला संग्रहालयात आहे. समोर चहाचा कप, चेहरा हिरवट फिका, डोळ्यांखाली काळं, हातावरच्या शिरा वर आलेल्या. ती अडतीस वर्षांची आहे आणि पन्नाशीची दिसते. पाणकणीस म्हणतात तसं काही लपवलेलं नाही.

मी ऑर्हुसला ते बघितलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, किती निष्ठुर माणूस. थोड्या वेळाने वाटलं, पाठमोऱ्या बाईकडे वर्षानुवर्षं बघून झाल्यावर तिला वळायला सांगणं आणि जे दिसलं ते जसंच्या तसं उतरवणं, हे घरात किती जण करतात? बोनारने मार्तला कधी असं वळवलं नाही. मला दोघांतला हामर्सहॉय जवळचा वाटतो, पण झोप उडवतो तो बोनार.

कोयरी

उत्तरवारा, फार मोलाची भर. त्या हिरवट छटेबद्दल वेगळा धागा काढा.

बोनारबद्दल एक राहिलं. मार्त मृत्युपत्र न करता गेली. फ्रान्सच्या कायद्याने तिच्या वाट्याच्या मालमत्तेवर तिच्या नातेवाइकांचा हक्क लागला असता, आणि त्यात घरातली चित्रंही आली असती. तेव्हा बोनारने तिच्या नावाने मृत्युपत्र स्वतःच लिहिलं, मागची तारीख घालून. तो जानेवारी १९४७ मध्ये गेल्यावर हे उघडकीला आलं आणि चित्रं कितीतरी वर्षं कोर्टाच्या भानगडीत अडकून पडली. आयुष्यभर खोट्या नावाने राहिलेली बायको, आणि तिच्या नावाने खोटी सही करणारा नवरा. मी हे वाईट अर्थाने लिहीत नाही.

तिसरी घंटा

आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, “हा तुझ्या मुंजीचा नाही, बारशाचा आहे. पोळ्या कमी पडल्या होत्या.” मग फोटो हातात धरून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, “पिन ह्यांनीच लावून दिली होती. बांगडीला चीर गेली होती आणि माझे हात कणकेचे होते.”

पाणकणीस

मला यावर काही लिहिता येत नाही. आईंना नमस्कार सांगा.

नदीकाठ

मी पिट्सबर्गलाच राहतो, आठ वर्षं झाली. कार्नेगीत मुलांना डायनोसॉर दाखवायला डझनभर वेळा गेलोय, वरच्या मजल्यावर एकदाही नाही. येत्या रविवारी बायकोला घेऊन जाणार आहे. माजघरताई, नेमकं काय बघू ते सांगा.

माजघर

नक्की जा. आधी लांबून बघा, मग अगदी जवळ जाऊन तिच्या पायांपाशी. तिथे गुलाबी, हिरवा, जांभळा असे ठिपके आहेत, आणि जवळून पाय नसतातच. मागे सरकत या, कितव्या पावलाला पाय तयार होतात ते मोजा. माझ्या सहाव्या पावलाला झाले, ह्यांच्या चौथ्या. मग कुत्र्याखालची चटई बघा, चित्रातला सर्वांत लख्ख तुकडा आहे तो.

आणि एक काम करा. काल जेवताना आमच्यात वाद झाला. मी म्हणते टबाचे नळ पायांच्या बाजूला आहेत, हे म्हणतात चित्रात नळच नाहीत. छापील चित्रात बघून घेता आलं असतं, पण ह्यांनी हट्टच धरलाय की कुणीतरी समोर उभं राहून सांगायला हवं. तेवढं बघून कळवा.